पहिली घागर

त्या उन्हाळ्यात नळाला पाणी तिसऱ्या दिवशी यायचं, आणि यायचं म्हणजे मोजून चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात सदतीस घरांच्या घागरी, हंडे, बादल्या आणि रंगाचे रिकामे डबे भरून निघायचे, तेही कुणाचं डोकं न फुटता. याचं सगळं श्रेय एका बाईला जायचं. गाव तिला शिट्टीबाई म्हणायचं. शाळेच्या कवायतीच्या मास्तरांनी टाकून दिलेली पत्र्याची शिट्टी तिनं उचलली होती आणि ती तिच्या गळ्यात सदानकदा लोंबायची. कुणी रांगेत घुसलं की ती असली फुंकायची की घुसणाऱ्याच्या हातातली बादली सुटायची.

शिट्टीबाईचं घर खोदकाम करणाऱ्यांचं. नवरा आणि मुलगा चर खणत, घरांचे पाये खणत, संडासाचे शोषखड्डे खणत. ती घमेल्यानं माती उपसायची. सूनही उपसायची, पण तिला सातवा लागला तसं सासूनं तिच्या हातातलं घमेलं काढून घेतलं.

"तू सावलीत बस. माती काही पळून जात नाही," ती म्हणाली.

"आई, बसून बसून पाय सुजतात."

"मग उभी राहा. पण घमेल्याला हात लावलास तर याद राख."

सून हसली आणि उभी राहिली. ती होतीच तशी, सासूचा शब्द खाली पडू द्यायची नाही. दोन वर्षांत तिच्या तोंडून 'नको' असा शब्द कुणी ऐकला नव्हता. शिट्टीबाई ते गावभर मिरवायची.

नळावर शिट्टीबाईचा एक कायदा होता, आणि त्यावर तिचा भारी जीव. पोटुशी बाई पहिली. मग ती कुणाची का असेना, कितीही उशिरा का येईना, तिची घागर पुढे. त्या उन्हाळ्यात गावात पोटुशा पाच होत्या. टाकीवर चावीवाल्यानं चावी फिरवली की नळ आधी फुसफुसायचा, मग म्हाताऱ्यासारखा खाकरायचा, आणि मग एकदम जोरानं धार सुटायची. त्या जोराच्या धारेखाली पाचही जणींच्या घागरी पाच मिनिटांत भरायच्या आणि उन्हं तापायच्या आत त्या घरी जायच्या.

"बघा, कशा राण्यांसारख्या चालल्या!" पीठ गिरणीवाली म्हणायची. तिची नववा चालू असलेली लेक त्यांच्यातच असायची, म्हणून हा कायदा तिलाही मान्य होता. एरवी शिट्टीबाईचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

पहिली घागर घरी आली की शिट्टीबाई ती एका वेगळ्या माठात ओतायची. तो माठ सुनेचा. त्यावर धुतलेलं फडकं, त्यावर झाकण. घरातल्या बाकीच्यांचं पाणी मागाहून, रांगेत आपली पाळी आली की भरायचं. एकदा नवऱ्यानं कामावरून येऊन त्या माठात लोटा बुडवला, तर दोन दिवस त्याला बोलणी खावी लागली.

सगळ्यांत आधी शिंप्याची बायको पडली.

नळावर तिला दोनदा उलटी झाली तेव्हा बायका म्हणाल्या, या दिवसांत व्हायचंच. तिसऱ्या पाण्याला ती आली ती भिंत धरत. शिट्टीबाईनं स्वतः तिची घागर भरली, स्वतः तिच्या दारात नेऊन ठेवली आणि बजावलं, "पाणी भरपूर पी गं. ऊन बाधलंय तुला." बाईचे डोळे पिवळे दिसत होते. शिट्टीबाईला वाटलं, शिंप्याच्या दुकानावरच्या पिवळ्या कापडाचा उजेड पडला असेल.

त्यानंतर चौथ्या दिवशी शिंप्यानं तिला जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं आणि सहाव्या दिवशी एकटाच परत आला. बाई गेली, पोटातलं मूलही गेलं. शिंप्याच्या गळ्यात मोजपट्टी तशीच होती, काढायचं भान त्याला राहिलं नव्हतं.

मग धनगराची बायको पिवळी झाली, तिलाही दवाखान्यात हलवलं. नर्सबाई स्कूटरवरून गावात आली आणि घरोघर फिरली. ती सडपातळ, चटपटीत, तोंडानं तिखट. दहाबारा बाप्ये महिन्याभरात तापानं पडून उठले होते, त्यांना तिनं ओट्यावर बसवून पापण्या ओढून बघितलं.

"कावीळ आहे. पाण्यातून येते," ती म्हणाली. "धडधाकट माणूस पडतो आणि उठतो. पोटुशीला ती झेपत नाही, शेवटच्या महिन्यांत तर जिवावर बेतते. पाणी उकळून प्या, समजलं?"

"उकळायला सरपण कुठंय?" कुणीतरी म्हणालं.

"निदान पोटुशीपुरतं उकळा की."

शिट्टीबाईनं मान डोलावली. पण घरी आल्यावर तिला वाटलं, सुनेचं पाणी तर वेगळंच आहे, पहिल्या जोराचं, कुणाचा हात न लागलेलं. ते कशाला उकळायचं? उकळायचं तर आपलं, मागून भरलेलं. आणि तिनं खरंच आपलं, नवऱ्याचं, मुलाचं पाणी उकळलं आणि सुनेचं तसंच ठेवलं. सांगितलेलं ऐकल्याचं समाधान वर मिळालं.

नऊ दिवसांनी सकाळी सून अंगणात भांडी घासत होती. उन्हात तिनं शिट्टीबाईकडे वर बघितलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता.

"जीभ काढ. नखं दाखव. कधीपासून?"

"चार दिवस झाले, जेवण जात नाही एवढंच. तुम्ही काळजी कराल म्हणून..."

"अगं, काळजी कराल म्हणून काय! मग मी आहे कशाला?" शिट्टीबाई ओरडली आणि ओरडतच अंगणाबाहेर धावली. तिनं शिट्टी फुंकली. पाण्याचा दिवस नसताना शिट्टी वाजली तसं अर्धं गाव दारात आलं. चरात कुदळ चालवणारा मुलगा अंगावरची माती न झटकता पळत आला. धनगराचा भाऊ जीप घेऊन आला आणि दहा मिनिटांत ते निघाले.

दवाखाना तासाभराच्या वाटेवर होता. डॉक्टरीणबाईनं पोटावर नळी लावली. "ठोके आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"पण काही सांगता येत नाही," डॉक्टरीणबाईनं लगेच पुढे जोडलं. "पाच-सहा दिवस बघावं लागेल. ती फार झोपाळली, काहीबाही बरळली, तर ताबडतोब हाक मारा."

शिट्टीबाई रात्रभर बाकावर बसून राहिली. सकाळी आठच्या सुमारास नर्सबाई धनगराच्या बायकोला बघायला तिथं आली, तिला बघून थबकली आणि वही काढून बाकावर टेकली.

"एक कोडं मला सुटत नाही," ती म्हणाली. "पाच पोटुशा, त्यांतल्या तिघी पडल्या. पण त्यांच्या घरातल्या बायका ठणठणीत. नळ तर सगळ्यांचा एकच आहे. तुम्हीच बघा ना, एकाच घरातली सून पडली आणि तुम्ही उभ्या."

शिट्टीबाईला तो आपल्यावर ठपका वाटला. "तिच्या पाण्याला मी कुणाचा हात लागू देत नाही," ती फणकारली. "आमचं पाणी मागून भरलेलं. तिचा माठ वेगळा. नळ आला की सगळ्यांत आधी पोटुशांच्या घागरी, पहिल्या धारेच्या. मी स्वतः उभी राहून भरवते, विचारा गावात!"

नर्सबाईचं पेन थांबलं.

"पहिल्या धारेच्या? म्हणजे नळ खाकरतो, तेव्हाच्या?"

"हो. जोर तेव्हाच असतो."

"अहो बाई," नर्सबाई हळू म्हणाली, आणि तिचा तिखट आवाज एकदम गळून गेला. "दोन-दोन दिवस नळ बंद असतो तेव्हा पाइप रिकामा पडतो. त्याला कुठं भेग असली तर आजूबाजूची घाण आत ओढली जाते. चावी फिरली की ती सगळी घाण आधी बाहेर येते. पाच-दहा मिनिटं. मग चांगलं पाणी येतं. मागच्यांना ते चांगलं मिळतं."

 शिट्टीबाईचे हात तिच्याच गळ्याकडे गेले आणि तिनं शिट्टी घट्ट मुठीत धरली. शिंप्याच्या बायकोची घागर तिनं स्वतः उचलून नेली होती. पाणी भरपूर पी म्हणून बजावलं होतं.

"आज पाण्याचा दिवस," ती एकदम उठली. "साडेनऊला येतं. गिरणीवालीची लेक आज पहिली असेल!"

तिनं मुलाचा फोन हिसकावला आणि गिरणीवालीला लावला. "ऐक, तुझ्या लेकीला आज पहिली भरू देऊ नकोस. मागे ठेव. सगळ्यांच्या मागे!"

"का बरं?" पलीकडून आवाज आला. "तुझी सून आडवी झाली म्हणून माझ्या लेकीनं रांगेच्या शेवटी उभं राहायचं? नववा चालू आहे तिचा! कायदा तुझाच ना?" आणि फोन बंद. पुन्हा लावला तर उचलला नाही. चावीवाल्याचा लागलाच नाही, नवऱ्याचा घरात पत्र्याच्या पेटीवर वाजत राहिला असणार.

"तू सुनेपाशी बस," ती मुलाला म्हणाली. "डोळा लागू देऊ नकोस तिचा. बोलत राहा. भांड, काहीही कर, पण बोलत राहा." आणि नर्सबाईकडे वळली. "तुमची स्कूटर किती पळते?"

"तुम्ही घट्ट धरलंत तर पुष्कळ."

जन्मात पहिल्यांदा शिट्टीबाई स्कूटरवर बसली. खड्डा आला की ती हवेत उडायची आणि नर्सबाईच्या कमरेला असा विळखा घालायची की नर्सबाई ओरडायची, "श्वास घेऊ द्या की!" शेरडांचा कळप आडवा आला तेव्हा शिट्टीबाईनं मागूनच शिट्टी फुंकली आणि शेरडं, गुराखी, दोन सायकलवाले सगळे एकदम कडेला झाले. भीती होतीच, पण त्या भीतीच्या पोटात कसलातरी विलक्षण जोर होता. आपल्याला कारण कळलंय, आपण पोचलो तर एक जीव वाचेल, एवढंच तिच्या डोक्यात घणघणत होतं. गावाच्या फाट्यावर नऊ वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती.

"मी टाकीवर जाते, चावी बंद करते," नर्सबाई म्हणाली. "तुम्ही नळाकडे पळा!"

शिट्टीबाई पळाली. पायातली एक चप्पल चिखलात राहिली, ती तशीच पळाली. वळणावरूनच तिला नळाचं खाकरणं ऐकू आलं. रांग शिस्तीत उभी होती. ती नसताना गिरणीवालीनं रांग सांभाळली होती आणि कायदा अगदी काटेकोर पाळला होता. तिची लेक सगळ्यांत पुढे, पोटावर एक हात ठेवून, आणि घागर अर्धी भरलेली.

शिट्टीबाईनं शिट्टी फुंकली, पण धाप लागली होती, नुसती हवा निघाली. मग तिनं सरळ जाऊन घागरीला लाथ घातली. घागर गडगडत गेली आणि पाणी मुलीच्या पायांवर सांडलं.

 गिरणीवालीनं शिट्टीबाईच्या वेणीला हात घातला.

"माझ्या पोरीचं पाणी सांडतेस? तुझ्या घरात दुखणं आलं म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही तुला?"

"वेड लागलंय हिला!" कुणीतरी म्हणालं. दुसरी बाई घागर उचलून पुन्हा नळाखाली लावायला गेली. शिट्टीबाई गिरणीवालीच्या हातात केस सोडून, डोकं वाकडं झालेलं तसंच, नळाला जाऊन चिकटली आणि तिनं तोटीवर तळहात दाबला. पाणी बोटांमधून चहूकडे उडालं.

"वेड नाही लागलं!" ती ओरडली. "हे पाणीच ते! पहिलं पाणी! पाइपातली घाण आधी येते आणि ती मी पोटुशांना भरवत होते! माझ्या सुनेला मी पाजलं. धनगराच्या बायकोला मी पाजलं." पाणी तिच्या तोंडावर उडत होतं, पण ती थांबली नाही. "शिंप्याच्या बायकोच्या दारात तर मी स्वतः घागर नेऊन ठेवली. पी म्हणाले. भरपूर पी म्हणाले."

गिरणीवालीची मूठ सैल झाली. रांगेत सगळ्यांत मागे शिंपी उभा होता. बायको गेल्यापासून तोच पाणी भरायला यायचा, आणि बायकांच्या रांगेत उभं राहायला लाजून नेहमी शेवटी उभा राहायचा. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. तो पुढे आला. शिट्टीबाईनं डोळे मिटले आणि गाल पुढे केला. मारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

शिंप्यानं मारलं नाही. त्यानं वाकून तिच्या बोटांतून पडणारं पाणी ओंजळीत धरलं, नाकाशी नेलं आणि वास घेतला.

"घाण कुठून शिरते?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"मग शोधू. आत्ता."

तेवढ्यात धार बारीक झाली आणि तुटली. नर्सबाईनं चावी बंद केली होती. रांगेतल्या सदतीस घरांतल्या एकाही बाईनं तोंडातून ब्र काढला नाही.

पाइप कुठून कुठं जातो ते शिट्टीबाईच्या नवऱ्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं, कारण तो त्यानंच पुरला होता. तो आला, डोळे बारीक करून गल्लीकडे बघितलं, पावलं टाकली आणि टाचेनं खूण केली. कुदळी, पहारी, फावडी निघाली. शिंपी कधी हातात पहार न धरलेला माणूस, चार घावांत तळहाताला फोड आले, तरी मागे हटेना. बायकांनी घमेल्यांची साखळी केली. गिरणीवाली शिट्टीबाईच्या शेजारीच होती, घमेलं देताना तिच्याकडे बघत नव्हती, पण घेत होती आणि देत होती.

पहिला खड्डा कोरडा निघाला. पाइप साफ, माती कोरडी. दुसराही. लोकांचा धीर सुटायला लागला. तेव्हा संडासांच्या रांगेकडे बघत उभा असलेला नवरा एकदम पुढे झाला आणि त्यानं टाचेनं खूण केली.

"इथं खणा," तो म्हणाला. "हा शोषखड्डा माझाच. पाइपापासून पाच हात लांब घ्यायचा होता. तिकडं खडक लागला. मी दोन हात अलीकडं सरकवला. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय."

 दोन हात खाली गेल्यावर माती ओली लागली, मग काळी, मग वास आला तसे पुढचे दोघे नाक दाबून मागे झाले. शिंपी मात्र गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती काढू लागला. पाइपाचा सांधा उघडा पडला. बोट जाईल एवढी फट, आणि तिच्यात काळं पाणी गोल फिरत आत जात होतं.

"सापडलं!" गिरणीवालीची लेक वरून ओरडली, आणि मग सगळेच ओरडले. पोरं नाचली, धनगराच्या भावानं घमेलं वाजवलं, नर्सबाई स्कूटरचा हॉर्न दाबत सुटली. एवढ्या घाणीच्या कडेला उभं राहून माणसं अशी आनंदली की परक्याला वाटलं असतं, खजिनाच लागला. शिंपी मात्र खड्ड्यात बसूनच रडत होता. शिट्टीबाई खड्ड्यात उतरली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याला हात लावायची तिची हिंमत झाली नाही, पण ती उठलीही नाही. बऱ्याच वेळानं त्यानं गळ्यातली मोजपट्टी काढून खिशात ठेवली आणि तिला वर यायला हात दिला.

नर्सबाईनं त्याच दिवशी दोन्ही उरलेल्या पोटुशांचं रक्त घेतलं. "प्यायलेलं घाण पाणी महिन्याभरानंही डोळ्यांत पिवळं दिसतं, तेव्हा गाफील राहू नका," तिनं बजावलं. गिरणीवालीनं त्या संध्याकाळपासून पीठ दळणं सोडलं आणि चुलीवर पातेली चढवली.

सून तीन दिवस झोपेतच असल्यासारखी होती. हाक मारली की हुं करायची. धनगराची बायको चौथ्या दिवशी उठून बसली, तिला बघून शिट्टीबाईला एकदम आशा वाटायची आणि आपल्या खाटेकडे बघितलं की तेवढीच खचायची. डॉक्टरीणबाई येऊन जायची, नळी लावायची, ठोके आहेत म्हणायची. शिट्टीबाई बोलत राहायची. खड्डा कसा सापडला, चप्पल कशी गेली, स्कूटर कशी उडाली, सगळं दहादा सांगून झालं.

सहाव्या दिवशी दुपारी सुनेनं डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "चप्पल मिळाली का मग?"

शिट्टीबाईला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं. डॉक्टरीणबाईनं तपासून सांगितलं, कावीळ उतरतेय, बाळ चांगलं हलतंय, धोक्यातून बाहेर. ती गेल्यावर शिट्टीबाई खाटेच्या कडेला बसली. आता सांगायलाच हवं होतं.

"तुझ्या माठातलं पाणी," ती म्हणाली. "त्यानंच झालं हे. मीच पाजलं तुला."

"मला माहीत होतं," सून म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"त्या पाण्याला वास यायचा, आई. पहिल्यापासून. आणि तळाशी गाळ."

"मग बोलली का नाहीस?"

सुनेनं चादरीची कड बोटाला गुंडाळली. "तुम्ही एवढ्या मायेनं ठेवायचात. बाबांनाही हात लावू द्यायचा नाहीत. मी नको कशी म्हणणार? श्वास रोखून प्यायचे."

शिट्टीबाईला वाटलं, खड्ड्यातला तो सांधा पुन्हा डोळ्यांसमोर उघडा पडला. दोन वर्षं ती गावभर सांगत फिरली होती, माझी सून कशाला नाही म्हणत नाही. तिनं सुनेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, खोदकामानं खरखरीत झालेल्या हातांत.

"पुन्हा असं करायचं नाही," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर म्हणायचं, नको. मी रागावले तरी. चिडले, अबोला धरला तरी म्हणायचं. कळलं?"

"हो."

"हो नको म्हणू लगेच!"

सून हसली. शिट्टीबाईनं डोळे पुसले, उठली, उकळून गार केलेलं पाणी पेल्यात ओतलं आणि तिच्या ओठांशी नेलं. सुनेनं पेला नाकाशी धरला, वास घेतला, एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"कोमट आहे," ती म्हणाली. "नको."

 शिट्टीबाई पेला हातात धरूनच वळली आणि खोलीबाहेर धावत सुटली, औषधं आणायला गेलेल्या मुलाला, धनगराच्या बायकोला, झाडूवालीला, भेटेल त्याला सांगत, "नको म्हणाली! ऐकलंत का, माझी सून नको म्हणाली!"